होडी म्हणजे नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आले ते ड्रॉइंगचे सर. गॅदरिंगवर आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच. मी सरांच्या चित्रलिपीवरच लिहिणार.

सर फळ्यावर होडी काढत आणि शेजारी माणूस. होडी म्हणजे नाव, म्हणून हे झालं माणसाचं नाव! जे डोळ्यांना दिसत नाही ते असं लिहायचं: गळ्यातला हार काढून पराभव, मान काढून सन्मान. पण घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना होडी ती दोणी आणि नाव ते हेसरु, त्यांचं काही जुळेना. मग सर नुसता पाय काढत. ती पोरं लगेच, "कालु!" कालु म्हणजे पाय, आणि पाव हिस्साही. आता गप्प बसायची पाळी आमची. चित्र अर्थापुरतं असतं तोवर दोघांचं, आवाज धरला की एकाच भाषेचं. हे आपल्या सीमाभागात जितकं चटकन पटतं तितकं पुण्यात पटायचं नाही.

इजिप्तची लिपी अशीच. घुबड म्हणजे म, तोंड म्हणजे र, पाण्याची लाट म्हणजे न. सुमारे 5,000 वर्षांपूर्वीच्या नार्मर राजाचं नाव मिशावाला मासा आणि छिन्नी काढून लिहिलेलं आहे. 1822 साली फ्रेंच अभ्यासक शाँपोलियोंनी ही लिपी उलगडली तीही राजांच्या नावांतले आवाज पकडूनच.

तिथे स्वर लिहीत नसत. सर 'प' आणि 'र' मांडून विचारत: पार, पूर, पोर की पीर? उत्तर शेवटच्या मुक्या चित्रात. लाट असली तर पूर, तोंडात बोट घातलेलं मूल असलं तर पोर. हमखास चूक म्हणजे मुकं चित्रही मोठ्यानं वाचणं. ओळ डावीकडून आहे की उजवीकडून, हे प्राणी-पक्षी सांगतात. "तोंडं जिकडे, तिकडून सुरू कर की!" एकाखाली एक चिन्हं आली तर वरचं आधी. म्हणून पेन्सिलीनं आधी चौकोन आखायचे. घुबडाला अख्खा चौकोन, तोंड आणि लाट चपटी, त्यामुळे ती दोन्ही एकातच बसवायची, नाहीतर ओळीत भोकं पडतात. गिधाड आणि बाजासारखा पक्षी यांत डोक्याच्या गोलाईचाच काय तो फरक. ती चुकली की आवाजच बदलला. बाह्यरेषेवर सर इतके अडून का बसत, ते इथे कळतं.

आज माझं बोर्ड रंगवायचं दुकान आहे, चार माणसं हाताखाली आहेत. सरांमुळेच. हल्ली म्हणे सगळ्यात आधी ड्रॉइंगचाच तास कापतात. कापा बापडे!

बोर्डावर 'नको' चं चित्र निघत नाही. त्यासाठी लाल वर्तुळ आणि वर डावीकडून खाली उजवीकडे येणारी तिरकी पट्टी, हा ठरवून घेतलेला संकेत. पट्टी जाड झाली की खालचं चित्र झाकलं जातं आणि नेमकं काय करू नको तेच कळत नाही. औषधाच्या पुडीवर सूर्य आणि चंद्र काढले की सकाळ-रात्र दोन्ही भाषांत भागतं, पण 'उपाशीपोटी' साठी रिकामं ताट काढलं तर काहीजण जेवणच सोडतील. तिथे कन्नड आणि मराठी, दोन्ही ओळी लिहाव्याच लागतात.