पेरणी यंत्राच्या मागच्या फळीवर

यंत्र भाड्याने न्यायला येतो एक आणि रानात चालवतो दुसराच, हे आमच्या कामात नेहमीचं. मी अवजारं भाड्याने देणाऱ्या ठिकाणी काम करते. नांगर किंवा रोटाव्हेटर नेणाऱ्याला फार समजावावं लागत नाही. गवत पेरायच्या यंत्राचं तसं नाही. धान्य पेरण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाही गवताचं बी नवखं असतं. ते वजनाला अगदी हलकं असतं, शिवाय केसाळ, त्यामुळे एकमेकांत गुंतून बसतं.

त्या दिवशी सकाळी एक काका यंत्र न्यायला आले. त्यांचं जुनं कुरण विरळ झालं होतं. त्यात न नांगरता अंजन गवत आणि स्टायलो हे शेंगवर्गातलं चारापीक पेरायचं होतं. पुढची मोठी पेटी, जिच्यात ढवळणी फिरते, ती अंजनासारख्या केसाळ बियांसाठी, आणि मागची छोटी पेटी स्टायलोसारख्या सुट्या दाण्यासाठी, हे मी त्यांना हात लावून दाखवलं. उचललेलं यंत्र धरून ठेवणारी लॉकची पिनही बसवून दाखवली. रस्त्याने नेताना ती हवीच, आणि यंत्राखाली वाकायचं असेल तेव्हा तर हवीच हवी. हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर एवढं धूड एका क्षणात खाली येतं. काकांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं, सही केली आणि यंत्र घेऊन गेले.

दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, बी पडतच नाही म्हणतायत पोरं. यंत्र बिघडलंय."

वजनकाटा, पिशव्या, जॅक आणि स्टँड गाडीत टाकून मी निघाले. बांधावर पोचले तर ट्रॅक्टर चालूच होता आणि यंत्राच्या मागच्या फळीवर एक पोरगा उभा होता. एका हाताने पेटीची कड धरलेली, दुसरा हात कोपरापर्यंत बियांत. चालत्या यंत्रावर तो बी ढवळत होता. ती फळी यंत्र उभं असताना बी भरण्यासाठी असते. रान उताराचं आणि मधूनमधून दगड. चाक एखाद्या दगडावर चढलं असतं, तर त्याचा पाय खाली दाबचाकांत जायला वेळ लागला नसता.

अशा वेळी ओरडायचं नसतं. चालवणारा दचकून ब्रेक दाबतो आणि मागचा माणूस खाली येतो. मी त्याला समोरून नीट दिसेन अशी लांब उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. ट्रॅक्टर हळूहळू थांबला. आधी इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली, मगच पोराला खाली उतरवलं. त्याचा हात कोपरापर्यंत गुलाबी झाला होता. बियाण्याला औषध चोळलेलं होतं, त्याचा तो रंग. पहिल्यांदा साबणाने हात धुवायला लावले आणि मग हातमोजे दिले.

चालवणारा काकांचा पुतण्या होता आणि फळीवरचा त्याचा धाकटा भाऊ. सकाळी मी सांगितलेलं एक अक्षरही त्या दोघांपर्यंत पोचलं नव्हतं. यंत्र रानात सोडून काका दुसऱ्या कामाला गेले होते.

"हात घातल्याशिवाय बी खाली येतच नव्हतं, ताई," धाकटा म्हणाला. खोटं नव्हतं ते. बारीक बी म्हणून त्यांनी अंजन छोट्या पेटीत भरलं होतं. तिथे ढवळणी नाही. केसाळ बियांची वर कमान धरली होती आणि खाली पोकळी. यंत्र अगदी ठीक होतं. बी जमिनीत सोडणाऱ्या दोन नळ्या मात्र ओल्या मातीने ठासल्या होत्या, कारण माती चिरणाऱ्या चकत्या जमिनीत असतानाच ट्रॅक्टर मागे घेतला होता.

नळ्या मोकळ्या केल्या, बी मोठ्या पेटीत घेतलं आणि सपाट जागी यंत्र आणून मोजणीला बसलो. या मोजणीचा कंटाळा करणारे पुष्कळ भेटतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. गवताचं बी महाग असतं, आणि ते चुकलं हे कळेपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली असते. पिशवीवरच्या चिठ्ठीत शुद्धता 80 टक्के आणि उगवण 50 टक्के होती. म्हणजे 10 किलोत उगवणारं बी 4 किलोच. काकांना हेक्टरी तेवढंच हवं होतं, म्हणून पेटीतून हेक्टरी 10 किलो पडायला हवं. यंत्राची रुंदी 2 मीटर, चाकाचा घेर 2 मीटर. चाकाचे 25 फेरे म्हणजे 50 मीटर, म्हणजेच हेक्टरचा शंभरावा भाग. तेवढ्यात 100 ग्रॅम बी पडलं पाहिजे.

ट्रॅक्टरच्या चाकांना दगड लावले, यंत्राचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड दिले आणि प्रत्येक नळीला पिशवी बांधली. पुतण्याने टायरवर खडूची खूण करून मोठ्याने फेरे मोजले. पहिल्यांदा 61 ग्रॅम भरले. झडप थोडी उघडून पुन्हा फिरवलं, तेव्हा 97. एवढं चालतं.

खोली तर धान्याचीच ठेवलेली होती. पेरलेली एक ओळ चाकूने उकरली, तर जे थोडं बी पडलं होतं ते बोटभर खोल. एवढ्याशा बियातला कोंब तिथून वर येत नाही, मातीतच संपतो. अर्धा ते एक सेंटीमीटर बस झालं, आणि वरून दाबचाकाने माती बियाला चिकटली पाहिजे. खोली बदलून सावकाश चालवायला लावलं. थोड्या थोड्या अंतरावर थांबून दोघांनी आपापल्या हाताने उकरून पाहिलं. वळताना चकत्या उचलायच्या, फळीवर कोणी चढायचं नाही, हे धाकटाच मोठ्याला सांगायला लागला.

तेव्हापासून ट्रॅक्टरवर जो बसणार आहे तो समोर आल्याशिवाय मी हे यंत्र देत नाही. काही गिऱ्हाइकं चिडतात. चिडू देत.

संध्याकाळी काका रानात आले आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत. मग मला विचारलं, "जनावरं कधी सोडू?"

"गवत मुठीत धरून वर ओढून बघा," मी म्हटलं. "मुळासकट हातात आलं तर जनावराच्या तोंडातही तसंच येईल. पात तुटली आणि मूळ जागेवर राहिलं, की ते धरलं म्हणायचं."

"म्हणजे यंदा नाहीच म्हणा."

"यंदा बी धरून झडू द्या, काका. नंतर कापून घाला हवं तर."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पुतण्याने मात्र विचारलं, कापायचं तर जमिनीपासून किती वर ठेवून?