पारसिक हिलवर ई-स्केटबोर्ड: मोटर न तापवता कसं चढायचं

घरी जुळवलेला बोर्ड सपाट रस्त्यावर कितीही छान पळाला, तरी त्याची खरी परीक्षा चढावरच होते. नवी मुंबईत ती परीक्षा घ्यायला बेलापूरच्या पारसिक हिलसारखी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. रस्ता बंगल्यांमधून वळणं घेत वर जातो, पहाटे गाड्या तुरळक असतात आणि चढ सलग असल्यामुळे मोटरला मध्ये दम खायला वाव मिळत नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी मी आणि माझा मावसभाऊ सीवूड्सहून निघून तिथे जाऊन आलो. तुम्हीही जाणार असाल, तर काय बघून ठेवायचं ते लिहितो.

आधी बोर्डांबद्दल. माझ्या बोर्डवर ६३७४ आकाराच्या (६३ मिलिमीटर व्यास, ७४ मिलिमीटर लांबी) दोन मोटर आहेत, १९० केव्हीच्या, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे. बॅटरी १२ एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेले १२ सेल, ९७ मिलिमीटरची चाकं, बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर पट्ट्याने चाक फिरवते, मोटरच्या पुलीला १६ दात आणि चाकाच्या पुलीला ३६. भावाच्या बोर्डला हब मोटर आहेत, म्हणजे मोटर चाकाच्या आतच. दिसायला त्याचा बोर्ड सुटसुटीत आणि आवाजही जवळपास नाहीच.

निघालो तेव्हा हवेचं तापमान २६ अंश होतं. बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून आपण मोटरची करंट मर्यादा ठरवतो, तेव्हा एक गोष्ट हमखास निसटते. तिकडचा माणूस दहा-बारा अंशांच्या थंडीत चढतो, आपण पहाटेही त्याच्यापेक्षा पंधरा अंश जास्त असतानाच सुरुवात करतो आणि दुपारी तर वीस-पंचवीस अंश जास्त असताना. मोटर हवेपेक्षा किती तापते हे करंटवर ठरतं. हवाच गरम असेल तर तेवढे अंश सरळ वर जमा होतात. दमटपणाची मात्र मोटरच्या बाबतीत फार चिंता करू नका. त्याने घाम वाळत नाही, पण मोटर थंड होण्यात फारसा फरक पडत नाही.

बेलापूरपर्यंत आम्ही आतल्या रस्त्यांनीच गेलो. पाम बीच रोडवर बोर्ड घालू नका, कितीही मोह झाला तरी. तिथल्या गाड्यांचा वेग आणि आपली उंची यांचा मेळ बसत नाही. सपाटीवर माझ्या मोटर ४८-५० अंशांवर स्थिर होत्या. हा आकडा फोनवर दिसतो तो मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तांब्याच्या गुंडाळीत, बसवलेल्या थर्मिस्टरमुळे, म्हणजे तापमानाच्या सेन्सरमुळे. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी खुला केलेला व्हेस्क कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारं सर्किट, आपल्यापैकी बरेच जण वापरतात. त्यात मोटरचं तापमान ८५ अंशांना पोचलं की करंट कमी व्हायला लागतो आणि १०० अंशांना बंद होतो, असं मुळातच ठरवलेलं असतं. चढवण्यासाठीचा करंट त्याच्याही थोडा आधी कापला जातो, म्हणजे ब्रेकसाठी वाव उरतो. पण सेन्सरची वायर जोडलेली नसेल तर मोटरपुरतं हे संरक्षण नसतंच. चढावर जायच्या आधी ती वायर तपासा आणि अॅपमध्ये दिसणारं तापमान हवेच्या जवळपास आहे ना ते बघा.

चढ सुरू झाला तसा भाऊ मागे राहायला लागला. "दादा, मी हळूच येतो, मोटरला त्रास नको." बहुतेक जण असंच करतात, आणि मला या वृत्तांतात सगळ्यात आवर्जून सांगायचंय ते हेच: चढावर हळू गेल्याने मोटरला आराम मिळत नाही. चढ तोच, वजन तेच, म्हणजे मोटरला लावावा लागणारा जोरही तोच. जोर तोच म्हणजे मोटरमधून वाहणारा करंटही तोच, आणि तांब्यात होणारी उष्णता त्या करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. फरक पडतो तो फक्त वेळेचा. दीड किलोमीटरचा चढ ताशी ९ किलोमीटरने चढलात तर दहा मिनिटं भाजणार, १८ ने चढलात तर पाच. शिवाय हळू गेल्यावर वारा कमी लागतो. फसगत होते ती बॅटरी करंट बघून. वेग कमी असला की बॅटरीचा करंट कमी दिसतो आणि आपण निश्चिंत होतो, पण मोटर करंट तेवढाच असतो. स्क्रीनवर मोटर करंटच ठेवा.

याचा अर्थ सुसाट जा असा नाही. वळणांवर समोरून फिरायला आलेली माणसं असतात, दूधवाला असतो. ताशी १६ ते १८ हा मला तिथला योग्य वेग वाटतो.

अर्ध्या वाटेवर भाऊ थांबला. बोर्डचा जोरच गेला होता. त्याने वाकून चाकाला हात लावला आणि म्हणाला, "दादा, गरमच नाहीये फार. कोमट आहे." त्याच्या अॅपमध्ये ९७ अंश दिसत होते. हाताला लागलं ते आणि अॅपमध्ये दिसलं ते, या दोन वेगळ्या जागा आहेत. उष्णता तयार होते आत, स्टेटरच्या, म्हणजे न फिरणाऱ्या भागाच्या, तांब्यात. बाहेर फिरतं ते मॅग्नेट लावलेलं कवच. दोघांच्या मध्ये हवेची बारीक फट, आणि हब मोटरमध्ये कवचावर चाकाच्या पॉलीयुरेथेनचा जाड थर, जो उष्णता धरून ठेवतो. आम्ही पाच-सात मिनिटं थांबलो, तेवढ्यात आतला आकडा उतरत गेला आणि बाहेरचं कवच मात्र चांगलं तापलं. हाताने मोटरचा ताप बघणं सोडून द्या. पाणी तर ओतूच नका. बेअरिंग गंजतील, आणि खाडीजवळच्या हवेत ती तशीही लवकर गंजतात.

हब मोटरला गिअर नसतो, चाकाला लागणारा सगळा जोर तिला एकास एक द्यावा लागतो. म्हणून अशा चढासाठी मी बेल्टच सुचवेन. बेल्टवाल्यांनी पुलीचे दात मोजून घ्यावेत. १६ ऐवजी १५ दातांची पुली लावली तर कमाल वेग सहा टक्क्यांनी घटतो, पण तांब्यातली उष्णता साधारण १२ टक्क्यांनी. हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटतो. उलट खड्ड्यांना कंटाळून कोणी ९७ ची चाकं काढून १५० मिलिमीटरची हवेची चाकं लावतो आणि पुली तीच ठेवतो, तेव्हा त्याच चढावर उष्णता जवळपास २.४ पट होते. चाक बदललं की पुली बदलायचीच. एका मोटरवर चढू पाहणाऱ्यांसाठीही हाच हिशोब आहे: दोन मोटरचं काम एकीने केलं की तिच्यात चौपट उष्णता.

मी माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्या मोटर ८२ अंशांवर होत्या. वरून एका बाजूला खाडी आणि इमारती दिसतात. तिथे दहा मिनिटं थांबाच, कारण उतारावर ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि तेव्हाही तिच्यातून करंट वाहतोच. तापलेल्या मोटरने उतरायला घेतलं तर ब्रेकचा जोर ऐन वळणावर कमी होऊ शकतो. तांबं गरम झालं की त्याचा रोधही वाढतो, ३० अंशांवरून १०० ला गेल्यावर सुमारे पाव भागाने. म्हणजे तापलेली मोटर तेवढ्याच करंटला आणखी तापते. मॅग्नेटचाही विचार करा. साध्या दर्जाचे निओडायमियम मॅग्नेट ८० अंशांच्या पुढे जोर कायमचा गमावू शकतात, एसएच दर्जाचे १५० पर्यंत टिकतात. मोटर घेताना विक्रेत्याला हे विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर मर्यादा ८५ वरून ७५ वर आणा.

माझ्या मोटरमध्ये केलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोटरचा तळ आणि अॅल्युमिनियमची माउंट प्लेट यांच्या मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर. स्टेटरची उष्णता तळातून प्लेटमध्ये आणि तिथून ट्रकच्या हँगरमध्ये, म्हणजे बोर्डखालच्या चाकं धरणाऱ्या धातूच्या दांड्यात, उतरते. तेवढ्या धातूला वारा लागतो. भोकं असलेल्या मोटर जास्त थंड राहतात हे खरं, पण टेकडीवरची धूळ आणि लोखंडाचा कीस मॅग्नेटला चिकटून बसतो. आपल्याकडे बंद मोटर आणि चांगली प्लेट बरी.

निघायची वेळ साडेपाच-पावणेसहा ठेवा. हेल्मेट, मनगटाचे गार्ड आणि मागचा लाल दिवा हवाच. बंगल्यांच्या भागात सुरक्षारक्षकाने हटकलं तर बोर्ड हातात घेऊन चालत पुढे जा, हुज्जत घालू नका, कारण एकाच्या भांडणाने सगळ्यांची वाट बंद होते. पावसाळ्यात इथे येऊ नका, शेवाळलेल्या कडेवर चाक टिकत नाही. आणि घरी पोचल्यावर बोर्ड लगेच चार्जिंगला लावू नका. सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करणं त्यांना बाधतं, तासभर पंख्याखाली ठेवा आणि मग प्लग लावा.