रेकॉर्डिंगमधली तडतड: आधी लहर मोठी करून बघा

घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तडतड ऐकू आली की बरेच जण थेट नवा माइक शोधायला लागतात. कृपा करून थांबा. तडतडीची कारणं चार-पाच आहेत. कानाला ती सगळी सारखीच वाटतात, पण पडद्यावर प्रत्येकाची लहर वेगळी दिसते.

सगळ्यात आधी ती फाइल मोबाइलवर घ्या आणि हेडफोन लावून ऐका. तिथे आवाज स्वच्छ असेल तर रेकॉर्डिंग ठीक आहे, घोळ कॉम्प्युटरवर वाजवताना होतोय. तिथेही त्याच शब्दावर तडतडलं तर दोष फाइलमध्येच आहे. मग ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या ऑडिओ-संपादन सॉफ्टवेअरमध्ये ती जागा इतकी मोठी करा की लहरीवर सुटे ठिपके दिसतील. एक ठिपका म्हणजे एक सॅम्पल, आवाजाची एका क्षणाची नोंद.

लहरीची टोकं सुरीने कापल्यासारखी सपाट दिसली तर गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी, जास्त आहे. तो इंटरफेसच्या (माइक आणि कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीच्या) नॉबनेच कमी करा. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली ओढून काही साधत नाही, आवाज तिच्यापर्यंत पोचण्याआधीच कापला गेलेला असतो. ‘फ’, ‘भ’, ‘प’ या अक्षरांवर संथ, मोठा फुगवटा दिसला तर तो श्वासाचा झोत. माइकपुढे पॉप फिल्टर (झोत अडवणारी जाळी) लावा, माइक तोंडापासून १५ सेंटिमीटरवर आणि जरा तिरका ठेवा.

लहर चालता चालता अचानक उभ्या पायरीसारखी तुटलेली दिसली, तर मधली सॅम्पल्स हरवली आहेत. घरच्या कॉम्प्युटरवर हा दोष फार आढळतो आणि माइक बदलून तो कधीच जात नाही. आवाज कॉम्प्युटरकडे छोट्या-छोट्या खेपांनी येतो, त्या खेपेला बफर म्हणतात. बफर १२८ सॅम्पल्सचा असेल तर ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल्स) दर २.७ मिलिसेकंदांनी खेप उचलावी लागते. तेवढ्यात वायफायचा ड्रायव्हर मध्ये घुसला की एखादी खेप चुकते आणि ‘टक्’ ऐकू येतं. अभिवाचन किंवा पॉडकास्टसाठी बफर बिनधास्त ५१२ किंवा १०२४ ठेवा. स्वतःचा आवाज इंटरफेसमधूनच थेट ऐकत असाल तर मोठ्या बफरमुळे होणारा उशीर जाणवणारही नाही.

तरी टकटक राहिली तर विंडोजवर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते ते नावानिशी दाखवतं. विंडोजचा नेटवर्क ड्रायव्हर एनडीआयएस डॉट सिस यादीत सगळ्यात वर आला तर संशय नेटवर्कवर. वायफाय बंद करून पुन्हा मोजा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ‘डिसेबल्ड’ करा. इंटरफेस यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला जोडा आणि कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारा) असेल तर तोच वापरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय लागू पडलं ते कळणार नाही.

टक्-टक् अगदी ठरावीक अंतराने येत असेल तर आधी विंडोजमधला आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला सॅम्पल रेट एकच आहे ना ते बघा. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ नको. यूएसबी माइक आणि वेगळं साउंड कार्ड एकत्र वापरत असाल तर दोघांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. सेकंदाला दोनच सॅम्पल्सचा फरक पडला तरी बफरमधली २५६ सॅम्पल्सची शिल्लक १२८ सेकंदांत संपते आणि दर दोन मिनिटांनी टक् येतो. रेकॉर्ड करणं आणि ऐकणं ही दोन्ही कामं एकाच उपकरणावर घ्या. मॅकवर दोन उपकरणं जोडलीच असतील तर घड्याळांतला फरक भरून काढणारं ड्रिफ्ट करेक्शन चालू करा.

आता आपल्या हवेबद्दल. वाशी-ऐरोलीत किंवा ठाण्यात खाडीकडच्या घरांत जून ते सप्टेंबर कंडेन्सर माइक कढईत मोहरी तडतडावी तसा वाजायला लागतो. कॅप्सूलवर, म्हणजे माइकच्या आवाज पकडणाऱ्या भागावर, ओल धरली की तिथला विद्युतभार झिरपतो, म्हणून हा आवाज येतो. माइक बिघडलाय असं समजून तो टाकून देऊ नका. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात एक-दोन दिवस ठेवा, बहुतेकदा तो सुधारतो. हेअर ड्रायर मात्र मारू नका, आतला पडदा फार नाजूक असतो. एसीच्या गार खोलीतून माइक बाहेर दमट हवेत काढला तर त्यावर दव धरतं. तो पिशवीत बंद ठेवूनच बाहेर न्या आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा.

सुटी, सुईसारखी टोकदार रेघ दिसली तर बोलता बोलता केबल हलवून बघा. हलवल्यावर आवाज आला तर प्लग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि जॅकमध्ये वीसेक वेळा आत-बाहेर करा. नाहीच गेला तर केबल बदला. पंख्याचं बटण दाबताना किंवा फ्रिज चालू होतानाच टक् येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर इंटरफेस आणि फ्रिज वेगवेगळ्या सॉकेटवर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

झालेल्या रेकॉर्डिंगमधली सुटी सुई ऑडॅसिटीच्या रिपेअरने जाते. ते एका वेळी १२८ सॅम्पल्सपर्यंतच चालतं, तेव्हा फक्त सुईएवढाच तुकडा निवडा. पायरी तुटलेल्या जागी मात्र आवाज मुळात नोंदलाच गेलेला नसतो, तिथे ते वाक्य पुन्हा वाचावं लागतं. शक्यतो त्याच दिवशी, माइक न हलवता वाचा, म्हणजे जोड ऐकू येणार नाही.