आमची वाटचाल : आधी मोजायचं, मग ओतायचं

वागळे इस्टेटमधलं आमचं दुकान मुळात रेडिएटर दुरुस्तीचं. वडिलांच्या काळात तांब्या-पितळेचे रेडिएटर यायचे. ते पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं आणि तिथे डाख द्यायचा. पुढे अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. त्याला डाख चालत नाही, फुटला की बदला. या लाइनमधल्या अनेकांनी दुकानं आवरली. आम्ही टिकलो, कारण गाडी का तापते हे शोधून देण्याचं काम आम्ही हाती घेतलं.

उन्हाळ्यात घोडबंदर रोडवरून रोज कुणी ना कुणी येतंच. तक्रार साधारण एकच: गायमुखच्या चढाला तापमानाचा काटा वर जातो, सपाटीला आलं की उतरतो. बहुतेकांनी वाटेत बाटलीभर पाणी ओतलेलं असतं. आम्ही आधी इंजिन गार होऊ देतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडणं, एवढं प्रत्येक ड्रायव्हरला हात जोडून सांगतो.

मग रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बघायची, आणि रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर तेही उघडून आत डोकवायचं. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं आम्ही पुष्कळदा पाहिलंय. झाकणाची झडप किंवा बाटलीकडची नळी खराब झाली की इंजिन गार होताना कूलंट परत ओढलं जात नाही. पातळी कमी असल्याची आणखी एक खूण म्हणजे हीटर. ठाण्यात हीटर कोण लावतं? पण इंजिन तापलेलं असताना हीटर पूर्ण लावूनही गार हवा आली, तर तिथपर्यंत गरम कूलंट पोचत नाही, आत हवा अडकल्याचा संशय घ्यायचा. काट्यावर भिस्त ठेवू नये. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर इंजिन उकळत असतानाही काटा खाली दिसू शकतो.

पाणी मिसळून पातळ झालेलं कूलंट ओळखणं त्याहून अवघड. पातळी बरोबर असते, रंगही हिरवट दिसतो. म्हणून आम्ही रिफ्रॅक्टोमीटर घेतला, म्हणजे द्रवाच्या थेंबावरून मिश्रण किती दाट ते दाखवणारं हातातलं यंत्र. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत गोठणबिंदूच्या पट्टीवर निळ्या-पांढऱ्या भागांमध्ये रेघ दिसते. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ती उणे 37 अंशांच्या आसपास, नुसतं पाणी असेल तर शून्यावर. आम्ही गिऱ्हाइकालाच बघायला लावतो. "आपल्याकडे कुठे पाणी गोठतंय?" हा प्रश्न ठरलेला. गोठत नाही, पण त्याच रेघेवरून ग्लायकॉल किती उरलंय ते कळतं. निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंश वर असतो, आणि झाकणाचा दाब तो आणखी चढवतो. शिवाय गंज रोखणारी द्रव्यं कूलंटमध्येच असतात. वरून सतत बोअरचं पाणी पडलं की तीही विरळ होतात, वॉटर पंप खराब होतो आणि जाळीत पांढरा क्षार बसतो.

या तपासणीचे वेगळे पैसे घ्यायला लागलो तेव्हा काही जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली. पण ते पाऊल योग्यच होतं. कूलंटचा डबा विकण्यावर पोट असलं की प्रत्येक गाडीत ओतावंसंच वाटतं. आता गळती असेल तर प्रेशर पंपाने आत दाब देऊन आधी ती शोधतो. बघायच्या जागा ठरलेल्या: रबरी नळीची क्लिप, वॉटर पंपाखालचं छोटं भोक, गाडीत पायाशी ओला झालेला गालिचा. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात कूलंट मिसळल्याचा संशय आला, तर हेड गॅस्केटच्या (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलच्या) खर्चाची कल्पना आधीच देतो. ठाणे-बेलापूर रोडवरचे टॅक्सीवाले आज आमच्याकडे येतात ते यासाठीच.

गाडी दाखवायची असेल तर सकाळी, इंजिन गार असताना आणा. रात्रभर उभ्या गाडीखाली डाग पडला असेल तर तो कुठल्या चाकाजवळ आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, तेवढं बघून ठेवा.