परसातलं वर्कशॉप, कमी पैशात

वर्कशॉप बांधायचं ठरलं की आपण सगळे आधी मशीनचे व्हिडिओ बघत बसतो, टेबल सॉ कुठला, बँड सॉ कुठला, आणि बघायला मजा येते हे खरंच. पण बजेट कमी असेल तर मशीनची यादी सगळ्यात शेवटी करावी असं माझं ठाम मत आहे. पैसे आधी जमीन, छप्पर आणि वायरिंगवर घालायचे कारण या गोष्टी नंतर बदलायला गेलं तर आख्खी खोली रिकामी करावी लागते. ड्रिल काय, आज साधं घेतलं, दोन वर्षांनी चांगलं घेतलं, बिघडलं काहीच नाही. माझं परसातलं वर्कशॉप मी याच हिशोबाने उभं केलंय आणि आज त्यात काम करताना हे रोज पटतं.

साइज १० बाय १२ फूट. यापेक्षा लहान चालतं का, तर चालतं, पण प्लायचा शीट ८ बाय ४ चा येतो आणि त्याचा कर्ण जवळजवळ ९ फूट भरतो, म्हणजे आडवा उभा केलेला शीट जागच्या जागी उभा फिरवायचा तर छताची उंची ९ फुटाच्या वर पाहिजे, आणि जमिनीवर सपाट फिरवायचा तर तेवढीच मोकळी जागा मधे पाहिजे. उंची वाढवायला खर्च फार वाढत नाही, भिंतीचे दोन फूट वाढतात एवढंच, त्यामुळे तिथे कंजूषी करू नका. दार ४ फुटांचं, दोन पाखांचं, दोन्ही बाहेर उघडणारी. आत उघडणारं दार आतली सगळ्यात महागडी जागा खातं. आणि हो, तुमच्या भागात शेडला परवानगी लागते का, हद्दीपासून किती अंतर सोडायचं, हे खड्डा खणायच्या आधी विचारून घ्या.

आखणीला महागडं काही लागत नाही. दोरी, खुंट्या आणि टेप. एका बाजूला ६ फूट मोजायचं, दुसऱ्या बाजूला ८, मधलं तिरकं अंतर बरोबर १० आलं की कोपरा काटकोनात. मग चारी कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजायचे, १० बाय १२ ला ते साधारण १५ फूट साडेसात इंच येतात, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. इथे अर्धा तास जास्त घालवला की पुढे पत्रे, प्लाय, दार सगळं न कापता बसतं आणि माल वाया जात नाही.

जमिनीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण लोक इथेच वाचवायला जातात. खाली खडी दाबून घेतली, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर ४ इंचाचं काँक्रीट. तो कागद खर्चाच्या मानाने काहीच नाही पण तो नसेल तर मातीतली ओल काँक्रीटमधून हळूहळू वर येत राहते आणि हवेत कायम दमटपणा राहतो, मग कितीही तेल लावा, रंध्याला गंज येणारच. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान ६ इंच वर घ्या आणि बाहेरच्या जमिनीला उतार भिंतीपासून लांब जाणारा द्या. काँक्रीट टाकल्यावर कमीत कमी ७ दिवस ओलं ठेवायचं. ते वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, लवकर वाळलं तर ती क्रिया अर्धवट राहते आणि वरचा थर भुसभुशीत होऊन आयुष्यभर धूळ सोडतो. बेंचसमोर उभं राहायच्या जागी जुनं रबर मॅट किंवा प्लायचा तुकडा टाका, पायांनाही बरं आणि हातातून पटाशी पडली तर धारही वाचते.

छताला पत्रा, स्वस्त आणि पटकन होणारा. पण पत्र्याची एक खोड असते, रात्री तो थंड पडतो आणि आतली दमट हवा त्याला लागली की खालच्या बाजूने थेंब धरतात आणि सकाळी बेंचवर पाणी. उपाय सोपा आहे, पत्र्याखाली फॉइलवाली इन्सुलेशन शीट ताणून घ्यायची आणि समोरासमोरच्या भिंतींना वर जाळीची झरोके ठेवायचे म्हणजे हवा खेळती राहते. उन्हाचा त्रासही त्यानेच कमी होतो. पत्र्याचे स्क्रू नागमोडीच्या उंचवट्यावर मारायचे, खोबणीत नाही, कारण पाणी खोबणीतून वाहतं, आणि प्रत्येक स्क्रूला रबर वॉशर. भिंतीच्या आतून १२ मिमी प्लाय लावून घेतलाय. हा खर्च थोडा टोचला पण मला विचाराल तर पूर्ण वर्कशॉपमधला सगळ्यात समाधान देणारा खर्च हाच, कारण आता कुठेही, अगदी कुठेही स्क्रू मारता येतो, ड्रिल करून प्लग ठोकत बसावं लागत नाही.

आता वीज. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, पण त्याला काय सांगायचं ते आपल्याला माहीत पाहिजे. घराच्या मेन बोर्डवरून वर्कशॉपसाठी वेगळी लाइन, आणि आत स्वतःचा छोटा डीबी, म्हणजे स्विचचा वितरण बोर्ड. त्यात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा करंट ओळखणारा स्विच, हवाच, शॉक लागून माणूस दगावण्याआधी तो लाइन तोडतो, एमसीबी हे काम करत नाही, एमसीबी म्हणजे जास्त लोडवर पडणारा स्विच, तो वायरला वाचवतो. दिव्यांचं सर्किट वेगळं आणि सॉकेटचं वेगळं. का, तर सॉ अडकून एमसीबी पडला आणि त्याच वेळी दिवेही गेले तर समोर फिरतं पातं आणि डोळ्यासमोर काळोख, याच्याइतकी वाईट अवस्था नाही. पॉवर सॉकेटला २.५ चौरस मिमी वायर, आणि घरापासून वर्कशॉप लांब असेल तर मुख्य केबल त्याहून जाड घ्यावी लागते, कारण अंतर वाढलं की व्होल्टेज पडतं आणि कमी व्होल्टेजवर लोड घेणारी मोटर जास्त करंट ओढून तापते. किती जाड ते अंतर आणि लोड बघून वायरमनने हिशोब करून सांगायला हवं. सॉकेट ४ फुटांच्या जरा वर लावा, कारण भिंतीला प्लाय आडवा टेकवला की खालची सगळी सॉकेट झाकली जातात. वायरिंग भिंतीच्या आत न लपवता वरून पाइपमधून घेतली, स्वस्त पडते आणि उद्या एक पॉइंट वाढवायचा तर अर्ध्या दिवसाचं काम. एक्स्टेन्शन बोर्डवर कायमचं वर्कशॉप चालवू नका प्लीज, आणि कधी वापरलाच तर वायरची गुंडाळी पूर्ण उलगडून, गुंडाळलेली वायर लोडवर भरपूर तापते.

उजेडाला चार एलईडी ट्यूब, ४००० ते ५००० केल्विनच्या (हा उजेडाच्या रंगाचा आकडा), बेंचच्या दोन्ही बाजूंनी येतील अशा, म्हणजे हाताची सावली खुणेवर पडत नाही. घरातल्या जुन्या ट्यूबलाइट काढून इकडे लावायचा मोह होतो पण चोकवाली जुनी ट्यूब ५० हर्ट्झच्या लाइनवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि तिच्याखाली फिरतं पातं कधीकधी हळू फिरतंय किंवा थांबलंय असं दिसू शकतं. एलईडी पण चांगल्या ड्रायव्हरची, म्हणजे आतल्या सर्किटची घ्या, अगदी फालतू असेल तर तीही लुकलुकते. खिडकी उत्तरेला मिळाली तर बघा, उत्तर गोलार्धात तिकडून दिवसभर एकसारखा उजेड येतो, थेट ऊन फारसं येत नाही.

बेंच विकत घेऊ नका. खरंच नको. ते बांधणं हेच वर्कशॉपमधलं पहिलं काम असावं. १८ मिमी प्लायचे दोन थर फेविकॉलने चिकटवून वरून स्क्रू, स्क्रू गोंद वाळल्यावर काढून टाकायचे म्हणजे पुढे रंधा आपटत नाही. पाय जुन्या जाड लाकडाचे, खाली चारी बाजूंनी पट्ट्या आणि मागच्या बाजूला तिरका आधार. बेंच वजनाने जड पाहिजे, रंधा मारताना तो सरकला तर तुमचा अर्धा जोर सरकण्यातच जातो, म्हणून खालच्या फळीवर जड सामान ठेवायचं. उंचीसाठी सरळ उभं राहून हात खाली सोडा, मनगटाची घडी जिथे येते साधारण ती उंची. हाताने रंधा मारायचं काम जास्त असेल तर दोनतीन इंच कमी, कारण मग अंगाचं वजन वापरता येतं. बेंच व्हाइस, म्हणजे लाकूड आवळून धरणारा शिकंजा, पायाच्या अगदी वर बसवा, मधोमध नाही, म्हणजे ठोकताना मार सरळ जमिनीत जातो. वरून पातळ हार्डबोर्डचा तुकडा नुसता ठेवायचा, गोंदाने रंगाने खराब झाला की उलटा करायचा, दुसरी बाजूही खराब झाली की बदलायचा.

हत्यारांचं म्हणाल तर पहिल्या यादीत टेप, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), एक चांगली करवत, ६, १२ आणि २५ मिमीच्या पटाश्या, एक रंधा, ड्रिल, हातातला सर्क्युलर सॉ आणि क्लॅम्प. एवढ्यात कपाट, टेबल, शेल्फ सगळं होतं. सर्क्युलर सॉला सरळ प्लायची पट्टी क्लॅम्प करून गाइड केली की ८ फुटांचा काप सरळ येतो, टेबल सॉची घाई राहत नाही. पुढचं हत्यार तेव्हाच घ्यायचं जेव्हा समोरचं काम त्याच्यावाचून अडतं. बॅटरीवाली हत्यारं घेणार असाल तर एकाच कंपनीची एकच बॅटरी सगळ्यांना चालेल असं बघा, कारण खरा पैसा बॅटरीतच जातो. वायरवाली मिळत असतील तर वर्कशॉपच्या आत वायरवालीच बरी, स्वस्त आणि टिकाऊ.

गुण्या घेताना दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीवर टेकवून एक रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा, दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा, नाहीतर ठेवून द्या. स्वस्त पटाश्यासुद्धा धार नीट लावली तर भारी काम देतात. जाड सपाट काचेवर वॉटर पेपर, ४००, १०००, २००० नंबर, २५ अंशाचा मुख्य उतार आणि टोकाला जरासा ३० अंशाचा. पटाशीची मागची सपाट बाजू आधी आरशासारखी करायची, लोक ती विसरतात आणि मग धार का येत नाही म्हणतात. धार या विषयावर मी तासभर बोलू शकतो, तूर्त एवढंच की बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना हात घसरतो, त्यामुळे धारेचा सामान जुळवणं हत्यारांच्या आधी करा.

सेकंडहँड हत्यारं जरूर घ्या, जुनं बिडाचं हत्यार नव्या स्वस्तातल्यापेक्षा खूपदा सरस असतं. व्हाइस किंवा रंधा घेताना बिडाला तडा आहे का ते नीट बघायचं, तडा असेल तर कितीही स्वस्त असो, नको. मशीनचा शाफ्ट हाताने हलवून बघायचा, खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, बेअरिंग बदलता येतं पण भावात ते धरा. मोटरला आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश संपलेले असतील तर ते स्वस्तात मिळतात, ती काही भीतीची गोष्ट नाही. गंज मात्र बघून घाबरू नका. वरवरचा असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, लगेच पुसून कोरडं करा आणि तेलाचा हात द्या. कोरडं करायला उशीर केलात तर डोळ्यादेखत परत तांबूस होतं.

लाकूड जुनं मिळालं तर सोनंच, पण आधी चुंबक फिरवून खिळे शोधा. पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचं, लाकूड घेताना त्यावरचा शिक्का वाचा, एचटी म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस निदान ३० मिनिटं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडा. आणि कुठलाही डाग सांडलेलं पॅलेट घरात आणू नका, त्यावर काय सांडलंय ते कळायला मार्ग नसतो.

सामान ठेवायला फ्रेंच क्लीट केलेत. प्लायची पट्टी ४५ अंशात उभी चिरायची, एक अर्धी भिंतीला, दुसरी हत्याराच्या खोक्याला, अडकवली की बसली. उरलेल्या तुकड्यांतून होतं सगळं.

राहिली धूळ, आणि इथे मी कुणाशीही भांडायला तयार आहे. लाकडाचा भुसा दिसतो तो एकवेळ झाडून टाकता येतो, न दिसणारी बारीक धूळ छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. त्यामुळे सँडिंग करताना एन९५ मास्क लावायचाच, आणि एक्झॉस्ट फॅन काम संपल्यावरही बराच वेळ चालू ठेवायचा कारण बारीक धूळ हवेत तरंगत राहते. व्हॅक्युम क्लीनरच्या आधी बादलीवर सायक्लोनचं, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं, झाकण बसवलं की जवळजवळ सगळा भुसा बादलीतच पडतो आणि फिल्टर चोंदत नाही. जवसाच्या तेलाने पॉलिश केलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, ते तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती अडकून चिंध्या आपोआप पेटतात. मी त्या बाहेर दोरीवर एकेक सुटी पसरतो, पूर्ण कडक झाल्या की मगच कचऱ्यात. एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर दाराशी, आत कोपऱ्यात नाही, म्हणजे आग लागली तर तो घ्यायला आगीकडे जावं लागत नाही.