बाहुल्या, काख आणि ओटीपोट

८ ऑक्टोबर, सकाळी दहा

नाइट संपवून घरी आले, दोनदा आंघोळ केली, तरी हाताला तो उग्र वास येतोय असं वाटतंय. झोप काही लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल रात्री हँडओव्हर चालू असतानाच त्याला आणलं. तिशीतला असेल. दिवसभर कपाशीवर फवारणी केलेली, पाठीवरचा पंप गळका, शर्ट पाठीला चिकटलेला. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, अंग घामानं निथळतंय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाडी ५२. छातीची घरघर दारातूनच ऐकू येत होती. दुसऱ्या सिस्टरनं ऑक्सिजन लावून लाइन घेतली, तोवर मी आणि वॉर्डातल्या मामांनी ग्लोव्ह्ज घालून त्याचे कपडे काढले. केस, काखा, नखांच्या खाचा, सगळं साबणानं धुतलं. घाईत हेच राहून जातं. मग आपण इंजेक्शनं देत बसतो आणि विष कातडीतून आत जातच असतं.

नंतर अ‍ॅट्रोपिन, या विषबाधेवरचं मुख्य इंजेक्शन. एका अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, ०.६ मिलिग्रॅम. ऑपरेशन थिएटरमध्ये एवढ्यानंच पेशंटचं तोंड कोरडं पडतं. काल डॉक्टरांच्या ऑर्डरनं आधी ५ फोडले, पाच मिनिटांनी १०, आणखी पाच मिनिटांनी २०. दोघी फोडायला, एक भरायला. ३५ अँप्युल, २१ मिलिग्रॅम. तेव्हा कुठे छाती मोकळी झाली आणि काख कोरडी लागली. मग तासाला अडीच मिलिग्रॅमनं, औषध हळूहळू सोडणाऱ्या पंपावर लावलं. सोबत प्रालिडॉक्झाइम हे विषबाधेवरचं दुसरं औषधही चालू होतं.

त्याची बायको कॉटच्या पायाशी उभी होती. म्हणाली, "सिस्टर, औषधानंच तर असं झालं ना, अन् तुम्ही अजून औषधच देऊन राह्यल्या?" इकडे शेतात मारायचं तेही औषधच, आणि वॉर्डात मिळतं तेही औषधच. तिला काय सांगणार? सांगितलं ते असं : नसांच्या टोकाशी एक द्रव्य सुटतं, अ‍ॅसिटिलकोलीन. काम झालं की शरीर ते लगेच मोडून टाकतं. फवाऱ्याच्या विषानं ते मोडायचं कामच बंद पाडलंय, म्हणून लाळ, घाम, छातीत पाणी, सगळं एकदम सुटलंय. आमचं इंजेक्शन विषाला हात लावत नाही. ते त्या द्रव्याची बसायची जागा अडवतं, म्हणून सगळं आटतं. तिनं मान हलवली. किती कळलं माहीत नाही, पण त्यानंतर ती स्टूलवर बसली.

पण आटवायला घेतलं की किती आटवायचं, हे रात्रभर बघत बसावं लागतं. हे काम पूर्णपणे सिस्टरचं. डॉक्टर येतात, बघून जातात. काखेत हात घालणारी मीच असते. दर पंधरा मिनिटांनी तेच : बाहुल्या, काख, छाती, नाडी, पोटातले आवाज. तो पाणी पाणी करत होता, जीभ टाळूला चिकटत होती. प्यायला देता येत नव्हतं, म्हणून ओल्या गॉजनं ओठ पुसत राहिले.

तीनच्या सुमाराला त्याचे हात चालायला लागले. चादरीवरून काहीतरी चिमटीत धरायचं, हवेत ओढायचं, उजव्या बाजूला टाकायचं. परत धरायचं, परत टाकायचं. बायको उठून उभी राहिली. "कापूस येचून राह्यले ते," म्हणाली आणि रडायला लागली. खरंच तसंच होतं. ओटीत टाकतात तसंच.

मी हात लावला तर अंग तापलेलं आणि ठणठणीत कोरडं. चेहरा लालबुंद, ताप १०१.६, नाडी १३८. पोटावर स्टेथो ठेवला, आत काहीच आवाज नाही. आणि ओटीपोट दगडासारखं. गडबडीत कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, टाकायचा राहिला होता. हे विष नव्हतं, हे आमचं अ‍ॅट्रोपिन जास्त झालं होतं. डॉक्टरांना उठवलं, पंप थांबवला, कॅथेटर टाकला. ९०० मिली लघवी निघाली. अर्ध्या तासात हात शांत झाले. तासाभरानं छाती पुन्हा नीट ऐकून पंप २ मिलिग्रॅमवर सुरू केला.

हे मला चटकन दिसलं, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका दवाखान्यात, असाच एक पेशंट रात्रभर तळमळत होता, लाइन ओढत होता. मला वाटलं, हट्टी आहे. मी त्याचे हात बँडेजनं कॉटला बांधले. सकाळी सीनियर सिस्टर आल्या, काही न बोलता त्याच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तो माणूस वाचला, चालत घरी गेला. पण त्याच्या मनगटांवरचे वळ मी विसरले नाही. तेव्हापासून कुणी तळमळायला लागलं की माझा हात आधी पोटावर जातो. मेडिसिनच्या वॉर्डातही तसंच. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना पोटात कळ आली म्हणून हायोसिनचं इंजेक्शन दिलं, वर सर्दी-खाजेची गोळी चालूच असली, की दोन्ही अ‍ॅट्रोपिनसारखीच आटवतात, लघवी तुंबते, रात्री ते नातवाला ओळखेनासे होतात आणि घरचे म्हणतात, वय झालं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून कपाशीची फवारणी सुरू झाली की मी ड्युटीवर आल्या आल्या अँप्युलचे खोके मोजते. कमी असले की भांडते.

सकाळी निघताना त्याला म्हटलं, मान उचला. अ‍ॅट्रोपिन स्नायूंच्या कमजोरीवर चालत नाही. एक ते चार दिवसांत काहींच्या मानेतली ताकद जाते आणि मागोमाग श्वास अडकतो, तेव्हा पेशंट बरा दिसत असतो म्हणूनच फसायला होतं. त्यानं मान उचलली, मी दहा मोजेपर्यंत धरली.

बायको त्याचा शर्ट घरी धुवायला मागत होती. दिला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलाय, आणि उघड्या हातानं धरू नका म्हणून दोनदा बजावलंय.

आज परत नाइट. गेल्या गेल्या आधी त्याची मान बघायची.