उंचीच्या रकान्यातलं शून्य

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सध्या वालपराईला आहे, तमिळनाडूत आनैमलैच्या डोंगरात, आणि चाळीसगावला फोन लावला की आजी आधी हेच विचारते, "वांदरेसना मांगे दिनभर काय करस रे तू?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सिंहपुच्छ माकडांचा कळप रात्री ज्या झाडावर झोपला तिथे उजाडायच्या आत पोचायचं, मग दर पंधरा मिनिटांनी जेवढी दिसतील तेवढ्यांची नोंद करायची, कोण खातंय, काय खातंय, कोण नुसतं बसलंय आणि जमिनीपासून किती उंचावर. पावसात जळवा चढतात, कागद ओला होतो, पण नोंद चुकवायची नाही. काळंभोर अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतला सह्याद्री सोडला तर हे माकड जगात कुठल्याच जंगलात नाही. मूळचं शेंड्यावर राहणारं, फणस, कुलेनिया नावाच्या झाडाची फळं, किडे खाणारं, जमिनीवर क्वचितच येणारं.

आणि इथे माझ्या उंचीच्या रकान्यात सारखं शून्य येतंय. चहाच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे झालेत, पुदुतोट्टमचा तुकडा तर एक चौरस किलोमीटरही भरत नाही आणि त्यातून रस्ता जातो. परवा एक मादी पोटाशी पिल्लू धरून फांदीच्या टोकाला आली, पलीकडच्या झाडापर्यंत उडी पुरणार नाही म्हणून दोनदा मागे फिरली, शेवटी खोडावरून उतरून डांबरावरून पळत गेली. वळणावरून जीप येत होती. अशा ठिकाणी झाडांना जोडणारे पूल बांधलेत, माकडं ते वापरतातही, पण गाडीतून कोणी वेफर्स-केळी टाकली की कळप खालीच थांबतो, तिथे पूल काय करणार?

केळी टाकणारे वाईट नसतात हो, आपल्या चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात हनुमानाचं म्हणून हौसेने देतातच की लोक. पण आपलं वानर पानं पचवणारं, त्याच्या पोटात त्यासाठी वेगळे कप्पे असतात, गोडधोडाने तेही बिघडू शकतं आणि गाडीखाली जायची भीती आहेच. कृपा करून गाडी थांबवू नका.

सुट्टीत आलो की हाच फॉर्म घेऊन घाटात बसणार आहे, गाडी थांबली की किती वानरं रस्त्यावर येतात ते मोजायचंय. चाळीसगाव-कन्नडकडचं कोणी झूलॉजीला असेल तर सांगा, दोघं-तिघं असलो तर घाटाच्या दोन्ही टोकांना बसता येईल.